देवाच्या नावावर खपवलेलं

गुरुवारी संध्याकाळी मी विल्मर पिकेटला माझ्या स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, बशीतला दालचिनीचा रोल अर्धाच खाल्लेला. मी म्हटलं, "विल्मर, ऊठ. पुरे झालं." तो उठला. रागावलासुद्धा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्याने सावकाश टोपी शोधली, त्याच्यासोबत आलेल्या ऑर्फाने त्याला कोट घालून दिला, आणि दारातून जाताना म्हणाला, "रोल छान झालेत, आर्डिथ."

मी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारते. एकतीस वर्षं झाली. आठवड्यातले तीन दिवस माझ्या तोंडाचा पट्टा असा चालतो की गिऱ्हाइकांना श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही, आणि रविवारी मी आमच्या सभाघरात तासभर तोंड मिटून बसते. आम्ही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती. आमच्यात पाद्री नाही, गाणी नाहीत, घंटा नाही. बाकांवर बसायचं आणि गप्प राहायचं. देव आपल्याकडून काही बोलवू पाहतोय असं कुणाला आतून वाटलं, तर उठून बोलायचं आणि खाली बसायचं. बाजारातली माणसं विचारतात, तुझ्यासारखीला हे जमतं कसं? खरं सांगू, साठ वर्षांत जमलेलं नाही. मी बसते, एवढंच.

त्या गुरुवारी ही दोघं माझ्या घरी कशाला आली होती, ते सांगते. सोमवारी सकाळी नऊला कोर्टात तारीख होती. माझी मुलगी कोरीन तिची मुलगी परत मागत होती, आणि मी द्यायला तयार नव्हते.

मेबल सहा वर्षांची आहे. ती दोन वर्षांची होती तेव्हा, ऐन जानेवारीत, कोरीनने तिला गाडीत मागच्या सीटवर बांधलं आणि स्वतः पुढच्या सीटवर दारू पिऊन बेशुद्ध पडली. बाहेर रस्त्यावरचा बर्फ दगडासारखा झालेला. एका ट्रकवाल्याने काच फोडली म्हणून पोर वाचली. कोर्टाने मेबलला माझ्या ताब्यात दिलं. चार वर्षं ती माझ्याजवळ आहे. तिचा पहिला दात माझ्या घरात पडला. अक्षरं ती माझ्या मांडीवर बसून शिकली. ताप आला की अजून माझा अंगठा मुठीत धरून झोपते. माझा नवरा गेल्यावर त्या घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतंच.

कोरीन एकोणीस महिने दारूला शिवलेली नाही. निदान तसं सगळे म्हणत होते. जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी करते आणि हार्डवेअरच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर ताकाचं भांडंच फेकून द्यायला निघाले होते.

त्यात मला ती बाटली सापडली. सप्टेंबरात एका शनिवारी मेबलला तिच्याकडे भेटीला सोडून परत निघाले, तर मागच्या जिन्याखाली व्होडकाची रिकामी बाटली पडलेली. मी फोटो काढला. कोरीनला एका शब्दाने बोलले नाही. फोटो सरळ माझ्या वकिलाला, हॉलिसला पाठवला. त्याला लॉटरी लागल्यासारखं झालं.

"तुम्हाला काहीच म्हणायचं नाहीये, आर्डिथबाई," तो म्हणाला. "फोटो मी ठेवतो. तुम्ही फक्त सांगायचं, कुठे काढला आणि कधी काढला. बाकी जजला समजतं."

खोटं यात एक अक्षर नव्हतं. मी तसं स्वतःला दिवसातून चार वेळा सांगत होते.

आमच्यात कुणी पेचात सापडलं की दोघं-तिघं त्याच्या घरी येऊन बसतात. त्यांनी सल्ला द्यायचा नसतो. फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही ज्यांचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही असे. पण मी त्यांना प्रश्नांसाठी बोलावलंच नव्हतं. मला सभेकडून जजच्या नावाने पत्र हवं होतं, की आर्डिथ चांगली बाई आहे, मूल तिच्याकडेच राहू द्या.

ऑर्फा माझ्याच वयाची, आयुष्यभर नर्स होती. विणकाम घेऊनच आली होती. "मेबल काय म्हणते?" तिने विचारलं.

"सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय?"

"मी ते नाही विचारलं."

"म्हणते, आई पॅनकेक करपवते आणि मग आम्ही दोघी खूप हसतो. झालं समाधान?"

ऑर्फाने मान हलवली आणि टाके मोजायला लागली. विल्मर डोळे मिटून रोल चघळत होता. आमच्यात वय कितीही असो, नावानेच हाक मारतात आणि एकेरीच बोलतात, त्यामुळे मी त्याला सरळ म्हटलं, "तुझं काय, विल्मर? झोपलास का?"

"ती बाटली कुणाची होती?" तो म्हणाला.

"कुणाची म्हणजे? तिच्या जिन्याखाली होती."

"जिना आणखी कोण वापरतं?"

"खाली दुकान आहे. शेजारच्या खोलीत कुणी भाडेकरू आहे. मी काय बाटलीवर नाव शोधत बसले होते?"

"कोरीनला विचारलंस?"

"नाही."

"का नाही?"

"कारण ती खोटं बोलेल."

विल्मरने रोलचा एक तुकडा तोडला, खाल्ला, बोटं पुसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला एवढं पुरे होतं. मग तो हळूच म्हणाला, "आणि खरं बोलली तर?"

तेव्हाच मी त्याला उठायला सांगितलं.

शुक्रवार-शनिवार मी बाजारात इतकी घसा फोडून ओरडले की मालक म्हणाला, जरा दमाने घे, गाई बिचकतायत. मेबलवर दोनदा उगाच खेकसले. हॉलिसला फोन करून बजावलं की काय वाटेल ते झालं तरी माघार घ्यायची नाही. मी हट्टी बाई आहे, हे मी कधी लपवलेलं नाही. एकदा ठरवलं की बैलाला ओढून नेता येईल, मला नाही.

रविवारी सभेला एकोणीस जण होतो. मेबल मुलांच्या खोलीत गेली. सभा साडेदहाला बसते आणि साडेअकराला उठते, आणि त्या महिन्यात सभा उठवायचं काम माझ्याकडे होतं. काम म्हणजे एवढंच, की वेळ झाली की शेजारच्याशी हात मिळवायचा. मग सगळे आपापल्या शेजाऱ्याशी हात मिळवतात, बोलायला लागतात, आणि कॉफीकडे वळतात. माझ्या शेजारी, दर रविवारी असतो तसा, विल्मर होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

पाव तास झाला असेल, माझ्या छातीत धडधडायला लागलं. आमची जुनी माणसं सांगतात, देव बोलवू लागला की छाती अशीच धडधडते. मी उठले.

"देवाने मला एक जीव सांभाळायला दिलाय," मी म्हणाले. "आणि तो मला सांगतोय, सोपवलेलं सोडू नकोस. मी सोडणार नाही."

माझा आवाज बाजारात कमावलेला. तो त्या लहानशा सभाघरात फारच मोठा वाटला. मी खाली बसले आणि वाट बघू लागले. कुणी खरोखर आतून बोललं की त्यानंतरची शांतता दाट होते, सगळ्यांना जाणवते. इथे काहीच झालं नाही. बाजारात आजारी गाय निरोगी म्हणून पुकारली की जुनं गिऱ्हाईक वाद घालत नाही, फक्त नजर खाली करतं. सभाघरात अगदी तेच झालं होतं. सगळे तसेच बसले होते, डोळे मिटून, आणि मला एकेकाच्या मिटल्या डोळ्यांचा राग येत होता.

मी घड्याळ बघत राहिले. अकरा वाजले. अकरा पाच. बाक टोचायला लागला, कॉलर आवळायला लागली. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी विल्मरचा हात धरला आणि हलवला. वीस मिनिटं आधी. ते सभाघर बांधल्यापासून असं कुणी केलं नसेल. पण मला तिथून बाहेर पडायचं होतं, बस.

विल्मरने हात हलवला नाही. सोडलाही नाही. नुसता धरून ठेवला.

ऑर्फाने एक डोळा उघडला, आमच्याकडे बघितलं आणि परत मिटला. बाकी कुणी हललं नाही. कुणी हात पुढे केला नाही. एकोणीस माणसं, आणि सभा संपलेली नव्हती, कारण मी एकटी सोडून कुणालाच ती संपवायची नव्हती. मी हात ओढला. म्हातारा असला तरी विल्मरने पन्नास वर्षं डुकरं पाळलीत, त्याच्या पंजातून हात सुटत नाही. मग मी ओढायचं सोडून दिलं. दुसरं काय करणार?

पहिल्यांदा तर डोक्यात नुसता गलका. हॉलिस, फोटो, ती गाडी, ती काच, जज काय विचारेल, मी काय सांगेन. मी एकेकाला उत्तर देत होते, एकेकाशी भांडत होते. पण त्या सगळ्या गर्दीमागे विल्मरचा प्रश्न उभा होता, आणि भांडायला बाकी कुणी उरलं नाही तेव्हा तो पुढे आला. मी कोरीनला का विचारलं नाही? ती खोटं बोलेल म्हणून नाही. बाटली तिची नसेल तर मेबल जाणार, म्हणून. मला ती बाटली कोरीनचीच हवी होती. माझ्या पोटच्या पोरीने पुन्हा दारू प्यावी, याची मी मनातल्या मनात वाट बघत होते.

हे असं स्पष्ट शब्दांत समोर आलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पळायला जागा नव्हती. हात अडकलेला होता. म्हणून मी ती लाज घेऊन तशीच बसून राहिले, आणि बसता बसता कधीतरी आतला गलका थांबला.

देव बोलला म्हणून सांगणार नाही. मला तो ऐकू आलेला नाही, आजवर कधीच नाही. पण तो तिथे होता. इतका वेळ मी ज्याच्या नावाने ओरडत होते, तो माझं ओरडणं संपायची वाट बघत बसला होता, आणि त्याला काही घाई नव्हती. मला आठवलं की त्या जानेवारीत मी तिथे नव्हतेच. मी घरात, शेकोटीजवळ, वर्तमानपत्र वाचत होते. पोर बर्फात गोठत होती आणि मला पत्तासुद्धा नव्हता. तरी ती वाचली. मी चार वर्षं असं वागत होते की मेबलला या जगात धरून ठेवणारा हात फक्त माझा आहे, आणि माझी बोटं सुटली की ती पडेल. मी किती दमले होते, ते मला तेव्हा कळलं.

मी उठले. विल्मरने आता हात सोडला.

"मघाशी मी देवाच्या नावावर बोलले," मी म्हणाले. "ते देवाचं नव्हतं. माझं होतं. मी ते परत घेते."

आवाज निघेना, पण सगळ्यांनी ऐकलं. आमच्यात बोललेलं असं कुणी परत घेत नाही. मी खाली बसले. साडेअकरा होऊन गेले तरी माझ्या लक्षात आलं नाही. शेवटी विल्मरनेच कोपराने ढोसलं, तेव्हा मी रीतसर हात मिळवला आणि सभा उठली.

कॉफीच्या टेबलापाशी तो म्हणाला, "माझा अर्धा रोल तुझ्याकडे राहिलाय, आर्डिथ."

"कोंबड्यांना घातला," मी म्हटलं. "आणि हात दुखतोय माझा."

"माझाही," तो म्हणाला. एवढंच बोलणं झालं.

दुपारी मी कोरीनला फोन केला. इकडचं तिकडचं काही बोलले नाही. "सप्टेंबरात तुझ्या जिन्याखाली व्होडकाची बाटली होती. तुझी होती का?"

"नाही, आई," ती म्हणाली. आणि मग, "तू इतके दिवस हे मनात ठेवलंस?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

माझा तिच्यावर विश्वास बसला का? नाही, पुरता नाही. बसायची वाट बघत राहिले असते तर मेबल लग्नाची झाली असती. मी ठरवलं की जितका माझा विश्वास कमी पडतोय तितकं देवाने बघावं. हिशेब त्याला पटतो की नाही, ते मी विचारलं नाही. पण ठरवलं ते ठरवलं.

सोमवारी कोर्टाच्या दारात हॉलिसला सांगितलं, फोटो बाहेर काढायचा नाही. तो लालेलाल झाला. "आर्डिथबाई, हातात आलेली केस घालवताय तुम्ही. उद्या काही झालं तर माझ्याकडे येऊ नका."

"नाही येणार," मी म्हणाले.

आम्ही शपथ घेत नाही. जो एरवीही खरंच बोलतो त्याला वेगळी शपथ कशाला? मी फक्त म्हणाले की खरं सांगेन, आणि म्हणताना मान खाली गेली, कारण दीड महिना मी एका खऱ्या फोटोने खोटं बोलायच्या तयारीत होते. जजबाई माझ्याहून तरुण होती. तिने कागद चाळले आणि विचारलं, "तुम्ही विरोध नोंदवलाय. कायम आहे?"

"नाही. मागे घेते."

"मुलीच्या आईबद्दल तुम्हाला काही काळजी वाटते?"

"वाटते. खूप वाटते. पण काळजी म्हणजे पुरावा नव्हे."

पलीकडच्या टेबलाशी कोरीनने चेहरा हातांत लपवला. जजने आणखी बरंच विचारलं, तिलाही आणि मलाही, आणि साडेदहाला ते सगळं संपलं. मेबल तिच्या आईची झाली. होतीच म्हणा.

शाळा सुटल्यावर मी मेबलला कोरीनकडे घेऊन गेले. एक सुटकेस, एक उशी, गमबूट, आणि चित्रांची वही. कोरीनने शेवया शिजायला ठेवल्या होत्या. मेबलने धावत जाऊन आपली खोली बघितली, पलंगावर उड्या मारल्या, मला बोलावून खिडकीतून दिसणारं पाण्याचं टाकं दाखवलं. मी बघितलं. तिच्या केसांचा वास घेतला. "शनिवारी येते," म्हणून निघाले. ती इतकी खुशीत होती की तिने नीट निरोपही घेतला नाही, आणि ते मला चाकूसारखं लागलं.

मी जिन्यात दोन पायऱ्या उतरले असेन. कोरीन मागून बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"आई, आजची रात्र थांब ना. सोफा आहे. फक्त आजची."

याहून गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. तेच तर हवं होतं मला, आणि मी न मागता मिळत होतं. पण मला माझा स्वभाव ठाऊक आहे. आजची रात्र, मग उद्याची, मग शाळेचा डबा मीच भरते, राहू दे. महिन्याभरात त्या घरात माझी सत्ता असती आणि कोरीन पाहुणी.

"नाही," मी म्हणाले.

"मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. दोन खोल्यांत दोन घाबरलेल्या बायका कशाला? पोरीला एक पुरे."

ती रडता रडता हसली. "आणि मला नाही जमलं तर?"

"तर फोन कर. कितीही वाजले असोत, येईन. पण त्याआधी जमिनीवर बस, तोंड मिट आणि थांब. मी नसते तिथे तो असतो, कोरीन. मी हे उगाच बोलत नाही."

"तू मला गप्प बसायला सांगतेस?" ती म्हणाली. "तू?"

"हो, मी. काल शिकले. म्हातारपणी."

आतून मेबलचा आवाज आला. "पाणी उतू जातंय. कुणीतरी या."

माझा पाय वरच्या पायरीवर पडलासुद्धा. चार वर्षांची सवय, डोक्याला विचारून थोडीच पडतो पाय. कोरीनने माझ्याकडे बघितलं. ती वाट देऊन बाजूला व्हायच्या बेतात होती, दिसलं मला. मी कठडा घट्ट धरला आणि पाय मागे घेतला.

"तुला बोलावतेय," मी म्हणाले.

ती आत गेली. दार लागलं. आत झाकण पडल्याचा आवाज झाला, मग दोघींचं हसू. मी त्या जिन्यात उभी राहून पोटभर रडले. "आता तू बघ रे बाबा," असं देवाला म्हणाले, आणि खाली उतरले.